सहावी पट्टी

टेबलाच्या कडेला एक पांढरी पट्टी चिकटलेली होती. करंगळीच्या पेराएवढी. दुसरा घाणा लावायचा म्हणून मी गाडी ओढत होतो, ओढता ओढता नजर तिथे गेली आणि हात थांबले. ती पट्टी तिथे असायला नको होती.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

खरं सांगायचं तर डोक्याला आधी काही कळलंच नाही. हातांना कळलं. मग डोकं त्यांच्या मागून, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, एकेक पायरी चढत आलं.

मी हॉस्पिटलच्या तळघरात काम करतो. दारावर ‘निर्जंतुकीकरण विभाग’ अशी पाटी आहे. ती पूर्ण म्हणेपर्यंत माणसाला धाप लागते, म्हणून सगळे त्या खोलीला नुसतं ‘कुकर’ म्हणतात आणि मला कुकरमामा. ऑपरेशनची हत्यारं, कापड, वाट्या, सगळं माझ्याकडे धुऊन येतं. मी त्याचे सेट लावतो, दुहेरी कापडात बांधतो आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालतो. भिंतीला दोन मांडण्या आहेत. डावीकडे कच्चं, उजवीकडे शिजलेलं. एकतीस वर्षं मी डावीकडचं उजवीकडे नेतोय. आणखी सात महिने न्यायचं, की निवृत्ती.

बोचकं बांधून झालं की ते एका खास पट्टीनं चिकटवतात. पट्टी पांढरी असते. पुरेशी वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. पांढरी म्हणजे कच्चं, काळी म्हणजे शिजलेलं. एवढं सोपं, की पूर्वीच्या मॅट्रनबाई म्हणायच्या, “मामा, हे तर तुम्ही झोपेतही कराल.” त्या बिचाऱ्या थट्टेनं म्हणायच्या. मी ते प्रशस्तिपत्रक समजून बसलो होतो.

आता माझी अक्कल ऐका. दोन वर्षांपूर्वी वरून महिनाभर पट्टीचं भेंडोळं आलंच नाही. होतं ते पुरवायचं म्हणून मी एक युक्ती काढली. वापरून आलेल्या कापडावरच्या जुन्या पट्ट्या अलगद सोडवायच्या. त्यांचा डिंक दोनतीनदा तरी धरतो. बोचकं त्या जुन्या पट्ट्यांनीच बंद करायचं, आणि खुणेपुरता नव्या पट्टीचा एक छोटा तुकडा वर लावायचा. तो काळा झाला की झालं. पुढे भेंडोळी वेळेवर यायला लागली, पण युक्ती राहिली. आताच्या मॅट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं, आणि मी आठवडाभर छाती काढून हिंडत होतो.

रोज सकाळी आल्या आल्या मी बोचकी मोजतो. तेवढे तुकडे कापतो आणि टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवून ठेवतो. मग एकेक उचलायचा, एकेका बोचक्यावर लावायचा, आणि बोचकं यंत्रात.

आज पहिल्या घाण्यात सहा होती. म्हणजे सहा तुकडे. आणि हा सहावा इथेच होता. पांढरा.

मी उजवीकडच्या मांडणीकडे धावलो. धावलो म्हणजे काय, खोली बारा पावलांची. तिथे पाच बोचकी होती. एकेक उलटंपालटं करून बघितलं. पाचही बोचक्यांवर नवा तुकडा होता, पाचही काळे. सहावं तिथे नव्हतं. ते नऊ वाजताच वर गेलं होतं. मोठा हाडांचा सेट. साडेदहाला खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन होतं, त्यासाठी.

तो सेट नव्या तुकड्याशिवाय गेला होता. त्याच्यावर होत्या त्या फक्त जुन्या पट्ट्या, आधीच्या कुठल्यातरी घाण्यात काळ्या झालेल्या.

मी स्टुलावर बसलो. लगेच उठलो. बसायला वेळ नव्हता, आणि उठून काय करायचं ते कळत नव्हतं.

स्वतःशीच वकिली सुरू केली. तुकडा लावायचा राहिला असेल, पण सेट यंत्रात गेलाच असेल. मग काय हरकत आहे? शिजलाच असेल की. तुकडा नसला म्हणून वाफ रुसून बसत नाही. बरोबर. पण दुसरीही शक्यता होती, आणि ती मला माझ्या हातांवरून कळत होती. हात काळ्या पट्ट्या बघतात आणि बोचकं उजवीकडे ठेवतात. एकतीस वर्षं मी त्यांना हेच शिकवलंय. टेबलावर काळ्या पट्ट्यांचं बोचकं दिसलं असेल, तर ते यंत्रात न जाता सरळ उजव्या मांडणीवर गेलं असेल.

दोन्हींपैकी काय झालं होतं?

वही उघडली. ‘पहिला घाणा, सहा नग’ आणि पुढे माझी सही. पण वही मी यंत्र तापतंय तोवरच भरून टाकतो, वेळ वाचतो म्हणून. ती माझीच वही आणि माझीच लबाडी, तिला काय विचारायचं? यंत्राचा आलेख बघितला. वाफ चोख, वेळ चोख. यंत्रानं आपलं काम केलं होतं. पोटात पाच होती की सहा, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

साक्षीदार एकच होता. मी. तेव्हा मी डोळे मिटून सकाळ आठवायला लागलो.

 मला काहीच आठवेना.

नाही, आठवत होतं. भलतंच आठवत होतं. आदल्या संध्याकाळी लेकीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावात असते. वीस मिनिटं बोलली आणि शेवटी म्हणाली, “बाबा, तुम्ही ऐकतच नाही. नुसतं हं हं करता. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.” आणि ठेवला. मला ते असं लागलं म्हणता! रात्रभर घोळवलं आणि सकाळी कामावर आलो ते तिला उत्तरं देतच. मनातल्या मनात. मी म्हणालो, “तुझ्या शाळेच्या एका तरी कार्यक्रमाला गैरहजर होतो का मी? पहिल्या रांगेत बसायचो.” ती म्हणाली, “बसायचात. बघत नव्हतात.” मी म्हणालो, “तुला ताप आला की रात्र रात्र कोण जागायचं?” ती म्हणाली, “आई.” मनातल्या भांडणातही कार्टी जिंकतच होती. ते सगळं भांडण मला शब्दन् शब्द आठवत होतं. माझं कोणतं वाक्य जोरकस झालं होतं, तेसुद्धा.

पण त्या वेळात हातांनी काय केलं, ते माझ्याकडे नव्हतं. कापड, गाठ, यंत्राचं दार, यांतलं एकही चित्र नव्हतं. ‘मी ऐकत नाही हे खोटं आहे’ असं तिला ठणकावून सांगत असताना मी त्या खोलीत नव्हतोच.

मला म्हातारपणाच्या विसराळूपणाची भीती नाही वाटली. ती वाटली असती तर बरं झालं असतं, आजारावर ढकलता आलं असतं. मी आठवणीत मागे जाऊन बघितलं. कालची सकाळ? नाही. परवाची? परवा मी पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्याशी भांडत होतो, मनातच. एकही सकाळ सापडेना. हातांवर सगळं सोपवून मी कुठे कुठे फिरून येत होतो, आणि हात इतके गुणी, की त्यांनी कधी बोभाटा होऊ दिला नाही.

दहा पंचवीस.

मी पट्टी टेबलावरून सोडवली. आणि आता जे सांगतो ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ती मी चुरगळली. बोटांत तिची गोळी केली आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उघडलं. एवढीशी गोळी. ती आत पडली की जगात कुणालाच काही कळणार नव्हतं. त्या माणसाच्या खुब्यात पुढे पू झाला तर डॉक्टर म्हणतील, होतं असं शंभरात एखाद्याला. साखर असेल. वय आहे. माझं नाव कुणी घेणार नाही, कारण मामांच्या बोचक्यावर शंका घ्यायची या हॉस्पिटलात कुणाला सवयच नाही.

माझा पाय त्या झाकणावर किती वेळ होता, हे मात्र मला नीट आठवतं. पाऊल अवघडलं होतं, डब्यातून ओल्या कापसाचा वास येत होता. त्या सकाळची माझी पहिली आठवण ती.

झाकण सोडलं. भिंतीवरचा फोन उचलून थिएटरचा नंबर फिरवला. लागेना, कुणीतरी बोलत होतं. पुन्हा फिरवला. तेच. फोन तसाच लोंबता ठेवून मी जिन्याकडे पळालो.

तीन मजले. लिफ्ट आहे, पण ती स्ट्रेचरची वाट बघत कुठेतरी उभी असते. दुसऱ्या मजल्यावर दम कोंडला. कठड्याला धरून उभा राहिलो आणि वाटलं, इथेच पडलो तर किती सुटसुटीत. लोक म्हणतील, कामावर असताना गेला बिचारा. घामानं हात निसटत होता. मुठीतली गोळी मात्र मी सोडली नव्हती.

थिएटरच्या बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर रुमाल, रुमालावर चष्मा, कवळीची डबी आणि एक मनगटी घड्याळ. मला या हॉस्पिटलच्या कपड्यांत बघून त्या उठल्याच.

“तुम्ही आतलेच ना? आमच्या ह्यांना आत नेऊन पंचवीस मिनिटं झाली. घड्याळांचं दुकान आहे त्यांचं. स्टुलावरून पडले. जाताना म्हणाले, घड्याळ काढून घेतात तर घेऊ दे, पण चावी द्यायला विसरू नकोस.” त्या रुमाल सावरत जेमतेम हसल्या. “सगळं ठीक आहे ना हो?”

मी त्यांच्याकडे बघितलं आणि घंटा दाबली. दाबतच राहिलो.

दार अर्धं उघडलं. थिएटरच्या मोठ्या सिस्टर, मास्कवर फक्त डोळे. “मामा? काय हे, आग लागलीय का?”

“हाडांचा सेट. उघडू नका.”

“उघडला की. मांडूनही झाला.”

“कापलं का?” माझा आवाज चिरकला. “सिस्टर, कापलं का?”

“अजून नाही. औषध लावतायत. झालं काय?”

“तो सेट कच्चा असेल.”

सिस्टर हसल्या. खरंच हसल्या. “काहीतरीच काय. पट्ट्या काळ्या होत्या, मी स्वतः बघितलं. आणि तुमचं बोचकं म्हणजे काय बघायला लागतं का?”

“त्या जुन्या होत्या,” मी म्हणालो आणि मूठ उघडली. गोळी घामानं भिजली होती. मी ती नखानं उलगडली. “नवी ही. खालीच राहिली.”

सिस्टरांचे डोळे त्या पट्टीवर गेले आणि तिथेच थांबले. मग त्या वळल्या आणि आत ओरडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. “सर, थांबा! हात लावू नका कशाला!”

हाडांच्या डॉक्टरांना आम्ही खाली ‘तोफ’ म्हणतो. ते दोन्ही हात छातीशी वर धरून दारापर्यंत आले. हातांत मोजे, कुठेही टेकायचं नाही म्हणून तसेच अधांतरी.

“काय तमाशा आहे?”

मी सांगितलं. तीन वाक्यांत. माझ्या आयुष्यात मी एवढं नेमकं कधी बोललो नसेन.

“सेट कच्चा आहे, अशी खात्री आहे तुमची?”

“नाही.”

“मग शिजलाय, अशी आहे?”

“नाही साहेब. तीच नाही, म्हणून आलो.”

“अहो, पेशंटच्या पाठीत सुई दिलीय! कमरेखाली सगळं बधिर करून ठेवलंय! दुसरा सेट आहे का खाली? नाही! हा परत शिजवायचा म्हणजे धुण्यापासून अडीच तास! तोवर काय गाणी म्हणू?” तोफ धडाडली. मी मान खाली घालून उभा. खरं सांगू, ते ओरडत होते तेवढा वेळ मला बरं वाटत होतं. ओरडण्यात एक सोय असते. शेवट जवळ आला की कळतं.

आतून, हिरव्या पडद्याच्या मागून, आवाज आला. “डॉक्टरसाहेब, थांबलात का? काही बिघडलंय का?” पेशंट जागा होता. कमरेखालचं बधिर, कान शाबूत.

डॉक्टर मान वळवून म्हणाले, “नाही आजोबा. एक सामान बदलून घेतोय. आज नाही, उद्या करू.” मग माझ्याकडे वळले. आवाज खाली आला होता, आणि तो खालचा आवाज तोफेपेक्षा वाईट होता.

“मामा, ही जुन्या पट्ट्यांची पद्धत किती दिवस चाललीय?”

“दोन वर्षं.”

“या दोन वर्षांत असं किती वेळा झालं असेल?”

 आज पट्टी टेबलाच्या कडेला राहिली, म्हणून दिसली. एखादा दिवस ती खाली पडून झाडूबरोबर गेली असेल. एखादा दिवस माझ्या बुटाच्या तळाला चिकटून घरी आली असेल. ज्यांच्या टाक्यांत पू झाला, ज्यांना परत यावं लागलं, ती सगळी माणसं एकदम माझ्यासमोर रांगेत उभी राहिली. त्यांतलं एकही कदाचित माझं नसेल. एखादं असेल. हे मला आता कधीच कळणार नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी मोजे ओढून काढले आणि आत गेले.

स्ट्रेचर बाहेर आलं. घड्याळजी बारीकसा माणूस, कवळीशिवाय गाल आत गेलेले, आणि भलताच चिडलेला. “काल संध्याकाळपासून उपाशी ठेवलंय! पाणी नाही, चहा नाही! आणि आता म्हणे उद्या!” बायको त्यांचा हात धरून बाजूनं चालत होती. माझ्यापाशी ती थांबली.

“कुणाची चूक झाली?”

सिस्टर काहीतरी गुळमुळीत बोलणार होत्या. मी म्हणालो, “माझी.”

मला वाटलं होतं, वेळेत सांगितलंत म्हणून त्या निदान बरं बोलतील. माणूस मनात असले हिशेब करतोच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि रागानं, भीतीनं त्यांचे डोळे भरून आले. “उद्या पण तुम्हीच करणार का हे?”



दुपारी मॅट्रनबाईंनी बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला. “काय घडलं ते क्रमवार लिहा. किती वाजता काय केलं, कोणतं बोचकं कधी ठेवलं.” त्यांचा चेहरा पडला होता. पट्ट्या वाचवल्याबद्दल कौतुक त्यांनीच केलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. त्यांनी ते काढलं नाही, मीही नाही. शेवटी बाईच खिडकीकडे बघत म्हणाल्या, “चौकशी होईल. मामा, सात महिने राहिले होते हो तुमचे.”

मी पेन उचललं. ‘सकाळी सात वाजता कामावर हजर झालो,’ असं लिहिलं आणि थांबलो. हजर झालो हे खरं नव्हतं. ते खोडलं.  मग एवढंच लिहिलं: ‘सहा बोचकी होती. पाचांवर पट्टी लावली. सहाव्याचं काय केलं ते मला आठवत नाही, कारण माझं लक्ष नव्हतं. वही मी आधीच भरली होती. जुन्या पट्ट्या वापरायची कल्पना माझी.’ खाली सही केली, आणि सहीच्या शेजारी ती चुरगळलेली पांढरी पट्टी चिकटवली. डिंक अजून धरत होता.

सेट मात्र परत शिजवायचाच होता, आणि ते करणारा दुसरा कुणी त्या दिवशी नव्हता. सिस्टर खाली येऊन माझ्या समोर उभ्या राहिल्या. हाताची घडी घालून, लक्ष ठेवायला. एकतीस वर्षांत माझ्या डोक्यावर कुणी उभं राहिलं नव्हतं. मी जुन्या पट्ट्यांचा डबा कचऱ्यात उपडा केला. सगळा सेट नव्या पट्टीनं बांधला. बांधताना गाठ दोनदा सुटली. नवशिक्यासारखी. यंत्राचं दार लावल्यावर वाफ चढेपर्यंत मी काचेतून काट्याकडे बघत उभा राहिलो. मध्येच मन निसटायचं, चौकशीकडे, पेन्शनकडे, त्या बाईंकडे. मी त्याला परत काट्यावर आणायचो. अडीच तासांत मी जेवढा दमलो तेवढा कधी सगळ्या दिवसात दमलो नव्हतो. लक्ष ठेवणं एवढं अंगमेहनतीचं असतं, हे मला साठीला टेकल्यावर कळत होतं.

बाहेर काढल्यावर प्रत्येक पट्टी काळी झालेली सिस्टरांनी बघितली. मग त्यांच्या पाठोपाठ मी बघितली.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. आमची ही भाजी निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “आज चेहरा का असा? भांडण झालं का कुणाशी?”

“जेवताना सांगतो,” म्हणालो, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो. दिवसभर घाबरून घाबरून भीती संपली असेल असं वाटत होतं. तशी ती संपलेली नव्हती. दिवसभर ती एका जागी टोचत होती, आणि ती जागा आत्ता सापडली.

लेक काल शेवटी जे म्हणाली, ते मला पाठ होतं. पण त्याच्या आधी वीस मिनिटं ती काय सांगत होती?

मी आठवून बघितलं. बघत राहिलो. तिचा आवाज आठवत होता, थोडा हळू. समोर टीव्ही चालू होता, त्यातल्या बातम्या आठवत होत्या. ती काय म्हणाली यातलं अक्षर आठवत नव्हतं.

मी खोलीतल्या टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीचं दार लोटलं. फोन लावला.

“बाबा?” तिला आश्चर्यच वाटलं. फोन नेहमी तीच करते. “सगळं ठीक आहे ना? आई बरी आहे?”

“बरी आहे. अगं, काल तू जे सांगत होतीस ना...”

“जाऊ दे हो. मी उगाच चिडले. सॉरी.”

“नाही, चिडलीस ते बरोबर. मी ऐकलं नव्हतं. मला काहीच माहीत नाही तू काय बोललीस.” हे म्हणणं त्या थिएटरच्या दारात म्हणण्यापेक्षा अवघड गेलं. “पहिल्यापासून सांगशील? मी ऐकतोय.”

 मग ती हसली, पण ते हसणं मध्येच मोडलं. “काहीच ऐकलं नाहीत? मला वाटलं तुम्ही... मला वाटलं तुम्ही घाबरलात, म्हणून नुसतं हं हं करताय.”

“काय झालंय?”

“गळ्यापाशी गाठ आलीय बाबा. तपासली. डॉक्टर म्हणतात, बहुतेक साधीच आहे, पण काढायला हवी. आईला एवढ्यात सांगू नका म्हणाले होते मी. सांगितलं नाहीत ना?”

“नाही.”

“बरं केलंत.”

मी सांगितलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं. बायकोपासून एवढं मोठं गुपित मी काल रात्रभर सांभाळलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी पलंगाची कड धरून ठेवली.

“कधी काढायची?”

“तेच तर काल विचारत होते. इथे दोन ठिकाणी दाखवलं. पण मग मीच ठरवलं, तुमच्याच हॉस्पिटलात करायचं. पुढच्या महिन्यात. हे म्हणाले, एवढ्या लांब कशाला? मी म्हटलं, तिथलं सगळं सामान बाबांच्या हातून गेलेलं असतं, मग मला भीती नाही वाटणार. हे सांगितलं तर तुम्ही काय म्हणालात माहितेय? ‘हं.’”

बाहेर ही भाजी धूत होती. पाण्याचा आवाज येत होता. नळ बंद झाला.

“बाबा? आहात ना?”

“आहे.”

“मग? करू ना तिथेच?”

 हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. लेक होती, माझ्यावर विश्वास टाकून बसली होती, आणि असा विश्वास पुन्हा कुणी टाकेल असं आज तरी वाटत नव्हतं.

“थांब,” मी म्हणालो. “तू आधी माझं ऐक. मग ठरव कुठे करायचं ते. आज सकाळी आमच्या टेबलाच्या कडेला एक पट्टी राहिली होती.”

आणि मी सांगायला लागलो. तुकडे, जुन्या पट्ट्या, आधीच भरलेली वही, ते कचऱ्याच्या डब्याचं झाकणसुद्धा. मी काही गाळलं नाही. पलीकडून एक ‘हं’सुद्धा येत नव्हता. ती ऐकत होती.